दर पावसाळ्यात कॉपर रिकव्हरी पडते? झँथेट वाढवायच्या आधी टेलिंग चाळून बघा

जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा लागला की माझा फोन वाजतो म्हणजे वाजतोच. पलीकडून दरवर्षी तेच, "भाऊ, रिकव्हरी पुन्हा खाली येऊन राहिली, मागच्या महिन्यात ९१ च्या वर होती, आता ८७ पण धड येत नाही, साहेब रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मलेच उभं करते." रिकव्हरी म्हणजे प्लांटमध्ये आलेल्या तांब्यापैकी किती टक्के हाती लागलं. हा पोट्टा आमच्या काटोलकडचा, एका तांब्याच्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. प्लांटचं नाव सांगणार नाही, फक्त ते मलांजखंड नाही एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण नागपुरात कोणी तांबं म्हटलं की लोक सरळ बालाघाट जिल्ह्यातली ती खाणच धरतात. मी स्वतः बरीच वर्षं फ्लोटेशनच्या, म्हणजे दळलेल्या मालातून बुडबुड्यांनी तांब्याचे कण वर उचलायच्या, फ्लोअरवर काढली, आता नागपुरात हिंगण्याच्या बाजूला छोटंसं टेस्टिंगचं काम करतो, दोन लॅब सेल, एक चाळण्यांचा सेट, एक ओव्हन आणि एक मदतनीस.

तर मी त्याला पहिला प्रश्न विचारतो, आत्तापर्यंत काय काय केलं? उत्तर ठरलेलं, झँथेट वाढवलं, म्हणजे तांब्याचे कण बुडबुड्याला चिकटवणारं केमिकल. मग? मग फेस करणारा फ्रॉदर वाढवला. मग? मग झँथेट अजून वाढवलं. आणि चौथ्या दिवशी कॉन्सन्ट्रेटची (वर उचललेल्या मालाची) ग्रेड, म्हणजे त्यातल्या तांब्याची टक्केवारी, पण पडली तेव्हा फोन केला.

तीन पावसाळे हेच चाललं म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवतो, कारण हा प्रॉब्लेम त्याच्या एकट्याचा नाही, पावसाळ्यात असे फोन अजूनही दोन-तीन ठिकाणांहून येतात आणि सगळ्यांचा हात पहिल्यांदा झँथेटच्या व्हॉल्व्हवरच जातो.

आधी हे बघा की रिकव्हरी खरंच पडली का. हसू नका. टू-प्रॉडक्ट फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, कॉन्सन्ट्रेटची ग्रेड गुणिले (फीड वजा टेलिंग), भागिले फीड गुणिले (कॉन्सन्ट्रेट वजा टेलिंग), फीड म्हणजे आत येणारा माल आणि टेलिंग म्हणजे तांबं काढून उरलेला टाकाऊ माल, पण त्यात फीड बदललं की काय होतं हे कोणी मांडून बघत नाही. समजा फीड ०.९५ टक्के तांबं, कॉन्सन्ट्रेट २५ टक्के, टेलिंग ०.०८. रिकव्हरी येते ९१.९. आता टेलिंग तेच ०.०८ ठेवा, कॉन्सन्ट्रेट तेच २५, फक्त खाणीतून माल हलका आला, फीड ०.७० झालं. रिकव्हरी ८८.९. म्हणजे तीन टक्के गेले आणि प्लांटमध्ये कोणी काही बिघडवलेलंच नाही! अशा वेळी प्लांटवाल्याने माइन्सवाल्यांचा ग्रेडचा कागद दाखवावा आणि शांत बसावं. पण टेलिंग ०.०८ वरून ०.१३ ला गेलं असेल आणि फीड तेच असेल तर मग खरंच दुखणं आहे, रिकव्हरी ८६.८ आणि दर हजार टन मालामागे जवळपास ४८० किलो तांबं जास्तीचं टेलिंगच्या डॅममध्ये. तासाला २०० टनचा प्लांट असेल तर दिवसाला सव्वादोन टनांच्या वर. म्हणून रोज सकाळी रिकव्हरीचा आकडा बघण्याआधी टेलिंगचा आकडा बघायची सवय लावा, रिकव्हरीत तीन आकड्यांची भेसळ असते, टेलिंग एकटं असतं.

आमच्या ह्या पोट्ट्याचं टेलिंग खरंच वर गेलं होतं. तेव्हा मी त्याला म्हटलं, काही हात लावू नको, एक पूर्ण शिफ्ट दर अर्ध्या तासाला टेलिंगचा कट घे आणि दहा किलो वाळवून माझ्याकडे पाठव. इथे एक गोष्ट, कट म्हणजे कट, धारेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेगाने कटर फिरवायचा. तिथले लोक प्लास्टिकचा मग लाँडरमध्ये, म्हणजे टेलिंगच्या पन्हळीत, बुडवून वरवरचं घ्यायचे, आणि लाँडरच्या तळाशी तर जाड वाळू चाललेली असते, ती मगमध्ये येतच नाही. म्हणजे ज्या मालात चोरी आहे तोच माल सॅम्पलमधून गायब. वर्षानुवर्षं त्यांचं टेलिंग कागदावर खरं होतं त्याच्यापेक्षा कमी दिसत असणार, आणि ह्या सॅम्पलवर मीटिंगमध्ये माणसं उभी केली जातात, असो.

सॅम्पल आलं, बसच्या टपावरून, पोत्यात गुंडाळून. मी आधी ३८ मायक्रॉनवर ओलं चाळलं, हे ओलं चाळणं टाळू नका, नाहीतर बारीक चिखल जाड कणांना चिकटून राहतो आणि सगळं गणित खोटं येतं. मग वाळवून १५० आणि ७५ वर. एवढ्या तीन चाळण्या पुरतात, आठ-दहा चाळण्यांचा थाट रिपोर्टला शोभतो पण रोगाचं निदान तीनमध्ये होतं. प्रत्येक भागाचं वजन आणि प्रत्येकाचं तांब्याचं ॲसे, म्हणजे त्यात तांबं किती टक्के ते. हिशोब कसा लावायचा ते दाखवायला आकडे जरा गोल करून देतो.

१०० ग्रॅम टेलिंग धरा. १५० च्या वर १८ ग्रॅम, त्यात तांबं ०.३२ टक्के. १५० ते ७५ मध्ये २७ ग्रॅम, ०.०७. ७५ ते ३८ मध्ये २० ग्रॅम, ०.०५. आणि ३८ च्या खाली ३५ ग्रॅम, ०.१३. वजन गुणिले ॲसे करून बेरीज केली की बरोबर ०.१३ येतं, आणि वाटणी अशी दिसते की गेलेल्या तांब्यातलं ४४ टक्के सगळ्यात जाड मालात, ३४ टक्के सगळ्यात बारीक मालात, आणि मधल्या दोन भागात मिळून २२.

आता ह्यातली सगळी गंमत त्या मधल्या मालात आहे. ३८ ते १५० मायक्रॉनचा कण म्हणजे फ्लोटेशनचा लाडका, बुडबुड्याला धडकतो पण, चिकटतो पण आणि वरपर्यंत जातो पण. झँथेट कमी पडलं असतं, पीएच चुकला असता, हवा कमी असती, सेलमध्ये वेळ कमी मिळत असता तर हा मधला माल पण टेलिंगमध्ये तांबं घेऊन गेला असता. तो स्वच्छ आहे म्हणजे केमिस्ट्री बऱ्यापैकी ठीक आहे. मग झँथेट वाढवून काय होणार होतं? जाड कणात तांबं क्वार्ट्झच्या पोटात अडकलंय, त्याच्यापर्यंत झँथेट पोचणारच नाही, आणि जे जास्तीचं झँथेट आहे ते पायराइटला, म्हणजे बिनकामाच्या लोखंडाच्या सल्फाइडला, जाऊन चिकटणार, पायराइट वर येणार, ग्रेड पडणार, ग्रेड सांभाळायला ऑपरेटर फेस ओढणं कमी करणार, आणि रिकव्हरी अजून खाली. हे चक्र मी एवढ्या ठिकाणी बघितलंय की आता चीड पण येत नाही.

लेन्सखाली बघितलं तर दिसतंच. घरी चहाला वापरतो तशा पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत १५० वरचा चिमूटभर माल घेतला, पाणी घालून हलकेच फिरवत राहिलो, हलकं क्वार्ट्झ पुढे सरकतं आणि जड माल मागे रेघ धरतो. चाल्कोपायराइटची, म्हणजे तांब्याच्या सल्फाइड खनिजाची, घनता ४.२ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५, म्हणून मोकळा कण असेल तर पितळेसारखी पिवळी रेघ लगेच वेगळी पडते. इथे रेघ नावापुरतीच पडली. पण दहापट लेन्स लावला तर दुधी क्वार्ट्झच्या खड्यांना बाजूला, कोपऱ्याला, कुठे पोटात, पिवळा ठिपका. चिक्कीत शेंगदाणा अडकावा तसा. हा खडा बुडबुड्याने उचलायचा म्हणजे शेंगदाण्याला धरून अख्खी चिक्की उचलायची, जमत नाही, कुठेतरी सुटतो.

मग प्रश्न असा की जूनपर्यंत जो माल बारीक दळला जात होता तो जुलैत जाड का येतो. बॉल मिल तीच, गोळे तेच, टनेज तेच. फोनवर अर्धा तास घातला पण हाती काही लागेना, शेवटी गेलो. ट्रेन, मग जीप, मग गमबूट.

पहिल्यांदा सायक्लोनच्या खाली जाऊन उभा राहिलो, म्हणजे मिलमधून आलेला माल गरगर फिरवून जाड-बारीक वेगळा करणाऱ्या शंकूच्या. हे फुकटचं मशीन आहे बघायला, कुठलंही मीटर नको. एपेक्समधून, म्हणजे खालच्या तोंडातून, जाड माल पडतो तो छत्रीसारखा फाकून पडला पाहिजे, मध्ये हवेचा पोकळ दांडा हवा. तिथे सहापैकी चार सायक्लोनमधून सरळ दोरीसारखी जाड धार पडत होती. दोरी पडली म्हणजे एपेक्सवर त्याच्या कुवतीच्या बाहेर माल आलाय, त्याला खाली जागा नाही, मग तो वरून ओव्हरफ्लोमध्ये निघतो आणि सरळ फ्लोटेशनला जातो. बाहेर धो-धो पाऊस, अख्ख्या प्लांटमध्ये सगळ्यांच्या छत्र्या उघड्या, आणि जिची उघडी पाहिजे ती सायक्लोनची छत्री मिटलेली. मी हे बोललो तर पोट्टा हसला, पण त्याच्या मागे उभे असलेले मेकॅनिकल काका हसले नाहीत, मला तेव्हाच वाटलं की ह्यांना काहीतरी माहीत आहे.

काकांना चहावर घेतलं. दोन घोटांनंतर बोलले, "साहेब, पाऊस लागला की क्रशरची जाळी चिकट मातीनं बंद होते, दर तासाला माणूस चढवा, सब्बल घेऊन मोकळी करा, टनेज निघत नाही. म्हणून आम्ही जुलैत १२ ची जाळी काढून १६ ची टाकतो. दिवाळीनंतर परत १२ ची." किती वर्षांपासून? "मी आलो तेव्हापासून." कुठे लिहिलंय? कुठेच नाही. क्रशिंगच्या लॉगबुकमध्ये फक्त "जाळी बदलली" एवढंच, मापाचा उल्लेख नाही, आणि फ्लोटेशनवाल्यांना तर पत्ताच नाही कारण क्रशिंग मेकॅनिकलकडे आणि फ्लोटेशन प्रोसेसकडे, दोघांची चहाची टपरीसुद्धा वेगळी.

मिलमध्ये १२ ऐवजी १६ मिलिमीटर माल आला आणि टनेज तेवढंच ठेवलं तर मिलला ते दळायला जास्त ताकद लागणार, ती मिळत नाही, मग मिलमधून जाड निघतं, सायक्लोनमधून परत मिलकडे जाणारा माल वाढतो, एपेक्स भरतो, छत्रीची दोरी होते आणि जाड माल वरून निसटतो. म्हणजे रोग क्रशरच्या जाळीत आणि इंजेक्शन फ्लोटेशनला चालू. वर पुन्हा दोन सायक्लोनचे एपेक्स झिजून मोठे झाले होते तेही होतंच, पण मुख्य गोष्ट जाळी.

काकांना दोष देऊन उपयोग नाही हां. ओल्या चिकट मालात १२ ची जाळी चालत नाही ही त्यांची अडचण खरी आहे, टनेजसाठी त्यांनाही कोणीतरी मीटिंगमध्ये उभं करतंच. मग मधला मार्ग असा निघाला की १६ च्या ऐवजी १४, तीही रबर किंवा पॉलियुरेथेनच्या पॅनलची, त्या पॅनल थोड्या लवचिक असल्याने कंपनाने स्वतःच माती झटकतात, लोखंडी जाळीसारख्या लगेच चोंदत नाहीत, आणि जाळीवर पाण्याचे फवारे. शिवाय सायक्लोनचं सहावं तोंड जे बंद ठेवलं होतं ते उघडलं, झिजलेले एपेक्स बदलले. आणि जुलै ते सप्टेंबर टनेज थोडं खाली घ्यायचं, हे शेवटचं मॅनेजमेंटला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी त्यांना तेच ४८० किलोचं गणित मांडून दाखवलं, जास्तीचे टन दळून जे तांबं मिळतं त्याच्यापेक्षा जास्त डॅममध्ये जात असेल तर ते टन कशाला दळायचे.

एवढ्याने १५० वरचा भाग बराच सुधारला. पण बारीक मालातले ते ३४ टक्के जागेवरच होते, आणि इथे पावसाळ्याचे बाकीचे उद्योग येतात.

३८ खालच्या मालाचं एक सोपं टेस्ट करा, पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, साधारण ५ टक्क्यांच्या, खोलीच्या तापमानाला हलवत ठेवून किती तांबं विरघळतं ते काढा. जे विरघळलं ते मोठ्या मानाने ऑक्साइडचं, मॅलाकाइट वगैरे, चाल्कोपायराइट ह्या ॲसिडला फारसं दाद देत नाही. आमच्या मालात चांगलंच विरघळलं. मी पोट्ट्याला विचारलं, पावसाळ्यात माल खाणीतून कुठून येतो रे? तर म्हणे खालच्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या खालच्या पायरीवर, पाणी भरतं, पंप चालू असतात पण शॉव्हेल तिकडे जात नाही, म्हणून वरच्या बेंचचा आणि जुन्या ढिगाऱ्याचा माल येतो. झालं! वरच्या बेंचचा माल म्हणजे वर्षानुवर्षं हवा-पाणी खाल्लेला, हिरवट डाग असलेला, सोबत मातीपण, आणि ढिगाऱ्याचा म्हणजे उघड्यावर भिजत पडलेला. ऑक्साइड तांब्याला साधं झँथेट नीट धरत नाही, हे पुन्हा झँथेटवाल्यांसाठी.

ऑक्साइडवर उपाय आहे, सोडियम हायड्रोसल्फाइड देऊन त्याच्या पृष्ठभागावर सल्फाइडचा थर चढवायचा आणि मग झँथेट. पण हे काम नाजूक आहे, कमी पडलं तर काही होत नाही आणि जास्त झालं तर चांगलं चाल्कोपायराइटसुद्धा दबतं, म्हणून इलेक्ट्रोड लावून पोटेन्शियल बघतच घालावं लागतं, आणि स्कॅव्हेंजरच्या (उरलंसुरलं उचलणाऱ्या शेवटच्या सेलच्या) तोंडाशी, रफरमध्ये (पहिल्या सेलमध्ये) सल्फाइड तांबं उचलून झाल्यावर. मॅलाकाइट ह्याने येतो, क्रायसोकोला मात्र ह्याने पण नीट येत नाही, त्याच्या नादी लागू नका. आणि हे ज्याला त्याला करायला देऊ नका, पीएच खाली असताना हायड्रोसल्फाइड पडलं की हायड्रोजन सल्फाइड गॅस निघतो, सडक्या अंड्याचा वास आधी येतो आणि मग येईनासा होतो, वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही, नाक बधिर झालेलं असतं. त्या प्लांटमध्ये आम्ही हे केलंच नाही. त्याऐवजी माइन्सच्या जिऑलॉजिस्टला बसवून ठरवलं की वरच्या बेंचचा माल एकदम न देता चांगल्या मालात मिसळून द्यायचा, आणि जूनच्या आत खालच्या बेंचचा थोडा माल काढून झाकून ठेवायचा. जास्त स्वस्त पडलं.

माती हा दुसरा उपद्रव. चिकणमातीचे बारीक कण पल्प, म्हणजे पाणी आणि दळलेल्या मालाचा काला, घट्ट करतात, बुडबुडे नीट फिरत नाहीत, तांब्याच्या कणावर मातीचा लेप बसतो, फ्रॉथ बघितला तर वर करडा, जड, फुटता फुटत नाही असा, ताकावरच्या फेसासारखा नाही तर डिंकाच्या लाडवाच्या पाकासारखा. तेव्हा पल्पची डेन्सिटी ३५ टक्के सॉलिडवरून २८-३० ला आणली की फरक लगेच दिसतो, वेळ थोडा कमी मिळतो पण परवडतं. सोडियम सिलिकेट थोडं देऊन बघता येतं, आधी लॅब सेलमध्ये.

आता केमिकल्स. मधला माल स्वच्छ होता म्हणून मी मघाशी म्हटलं केमिस्ट्री ठीक आहे, पण दुसऱ्या वर्षी ह्याच प्लांटमध्ये मधला माल पण घाण आला. तेव्हा स्टोअरमध्ये जाऊन बघितलं. झँथेटच्या उघड्या ड्रमवर ताडपत्री, ताडपत्रीत पाणी, झाकण वाकडं. आत फिकट पिवळ्या गोळ्यांच्या जागी केशरी चिकट ढेकूळ आणि सडक्या कोबीसारखा उग्र वास. दमटपणाने झँथेट तुटतं आणि कार्बन डायसल्फाइड निघतो, तो ज्वालाग्राही, म्हणजे त्या ड्रमशेजारी बिडी ओढणारे दोन हेल्पर बघून मला घामच फुटला. तर हिशोबाने झँथेट ३० ग्रॅम टनाला चाललं होतं पण त्यातलं जिवंत किती हे देवालाच ठाऊक. द्रावण पण टाकीत एकदम आठवड्याचं करून ठेवायचे. रोजच्या रोज करा, फार तर दोन दिवसांचं, पाणी थोडं अल्कधर्मी असू द्या, आणि आधी आलेला ड्रम आधी वापरा.

आणि डोस मोजा. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर नाही, जिथे थेंब पडतो तिथे. मेझरिंग सिलिंडर आणि मोबाइलचा स्टॉपवॉच. तासाला २०० टन, टनाला ३० ग्रॅम म्हणजे तासाला ६ किलो, द्रावण १० टक्क्याचं असेल तर ६० लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर. सिलिंडरमध्ये मिनिटाला सहाशे मिली आले तर समजा की लाइनमध्ये काहीतरी बसलंय.

पीएच चढवायला घालतो त्या चुन्याचं पण तेच. क्विकलाइमच्या (कळीच्या चुन्याच्या) पोत्यांना दमट हवा लागली की तो आधी स्वतःच विझतो, पोती फुगून फाटतात, मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू खडू होतो, आणि ऑपरेटर मात्र पोती मोजून टाकतो. दहा पोती टाकली, पीएच चढत नाही, अजून दोन टाका. चुन्यानेच चुना लावला म्हणायचं! लॅबला साखरेच्या पाण्याचं टेस्ट सांगा, साखरेच्या द्रावणात मोकळा चुना विरघळतो, खडू विरघळत नाही, मग फिनॉल्फ्थॅलिन घालून हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करायचं, खरा कामाचा चुना किती ते अर्ध्या-पाऊण तासात कळतं. त्यात पावसाळ्यात टेलिंग डॅमचं परत येणारं पाणी पावसाने पातळ झालेलं असतं, उन्हाळ्यात ते पाणी येतानाच चुना आणि उरलेला फ्रॉदर घेऊन येतं, जुलैत रिकाम्या हाताने येतं. म्हणून उन्हाळ्याची सेटिंग पावसाळ्यात चालत नाही, चुना आणि फ्रॉदर दोन्ही थोडे वाढवावेच लागतात, हे एक वाढवणं मला मान्य आहे.

पीएचच्या प्रोबचा किस्सा सांगतो. क्लीनरच्या, म्हणजे कॉन्सन्ट्रेट पुन्हा साफ करणाऱ्या सेलच्या, स्क्रीनवर १०.८, सगळे खूश. मी माझा पोर्टेबल मीटर बुडवला तर ९.६. म्हटलं प्रोब काढ. काढला तर काचेचा बल्ब दिसेचना, वर पांढरा थर असा की पोलक्यावर रांगोळी सांडावी. आत प्रोबला बाहेरचं काही कळतच नव्हतं, तो आपला जुनाच आकडा धरून बसला होता, आणि चुन्याचा ऑटो व्हॉल्व्ह त्याच्यावर विश्वास ठेवून बंद. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पाच मिनिटं बुडवून, धुऊन, ७ आणि १० च्या बफरवर कॅलिब्रेट केला, लावल्या लावल्या ९.६ दाखवायला लागला आणि व्हॉल्व्ह धडाधड उघडला. क्लीनरमध्ये पीएच खाली म्हणजे पायराइट वर, ग्रेड पडलेली, आणि तिथल्या नाइट शिफ्टने ग्रेड वाचवायला फ्रॉथची जाडी वाढवून ओढणं कमी केलेलं. रिकव्हरीचा मृत्यू असा दुरून होतो. आता तिथे दर शिफ्टला प्रोब साफ करायचं लिहून ठेवलंय, चुन्याच्या सर्किटमध्ये आठवड्यातून एकदा वगैरे पुरत नाही.

कॉन्सन्ट्रेटच्या फिल्टरकडे पण एक चक्कर मारा, पावसाळ्यात केक वाळत नाही, थिकनर (त्याच्या आधीची पाणी काढायची टाकी) भरतो, आणि मग "वरून थोडं कमी ओढा" असा निरोप तोंडी येतो. तो कुठेही लिहिलेला नसतो पण टेलिंगमध्ये दिसतो.

कोणाला स्वतः टेस्ट करणं जमत नसेल तर नागपूरवाल्यांना लांब जायची गरज नाही, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं हेड ऑफिस इथलंच, त्यांची मिनरल प्रोसेसिंगची लॅब हिंगण्याला आहे, व्हीएनआयटीत मेटलर्जी आहे. पण आकारानुसार टेलिंग बघणं हे खरं तर प्लांटच्या लॅबनेच दर आठवड्याला करायचं काम आहे, तीन चाळण्या आणि चार ॲसे, त्याला बाहेरचा माणूस कशाला लागतो.

ह्या वर्षी जुलैत फोन आला, मी म्हटलं बोल, कुठल्या भागात आहे? "भाऊ, १५० च्या वर काही नाही, मधला पण साफ, सगळं ३८ च्या खाली." ॲसिडमध्ये विरघळतं का? "तेच तर, नाही विरघळत." म्हणजे ऑक्साइड नाही, मोकळं सल्फाइड तांबंच पण अति बारीक, आणि १० मायक्रॉनच्या खालचा कण बुडबुड्याला फारसा धडकत नाही, पाण्यासोबत त्याला वळसा घालून निघून जातो. विचारलं, मिलमध्ये काय बदललं? थोडा वेळ शांत, मग म्हणे, "जाड येऊ नये म्हणून साहेबांनी सायक्लोनचं प्रेशर वाढवलं ना, आणि टनेजही कमी आहे." आता हे उलट्या बाजूचं दुखणं, चाल्कोपायराइट जड असल्याने सायक्लोनमध्ये खाली बसतो, पुन्हा पुन्हा मिलमध्ये जातो आणि गरजेपेक्षा जास्त दळला जातो. त्याला प्रेशर थोडं उतरवायला सांगितलंय आणि सायक्लोनच्या अंडरफ्लोचं पण आकारानुसार ॲसे मागवलंय. पोतं शनिवारच्या बसने येणार आहे.